एसयू कार्ब्युरेटर : नवी सुई बसवण्याआधी

आज आपण एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे कार्ब्युरेटर बघू. ही गाडी 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनला बनली. सुरुवातीच्या गाड्यांच्या 1798 सीसी इंजिनाला दोन एसयू कार्ब्युरेटर असत. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन.

यातली युक्ती साधी आहे. इंजिनाने हवा ओढली की वरच्या डॅशपॉटमधला पिस्टन उचलला जातो. पिस्टनला खाली निमुळती सुई असते, ती जेटमध्ये उतरलेली. पिस्टन जितका वर, तितकी सुईभोवतीची फट मोठी आणि पेट्रोल जास्त. म्हणजे काय, तर पिस्टनखालून जाणाऱ्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल मिळतं.

आता घोळ इथेच होतो. बरेच जण गॅसकेटचं किट आणि नवी सुई-जेट बसवतात, तरी गाडी स्लोवर टिकत नाही. कारण झीज असते थ्रॉटलच्या दांड्यात. तिथून हवा पिस्टनला वळसा घालून शिरते, ती मोजलीच जात नाही. मग आपण जेट खाली करून पेट्रोल वाढवतो. स्लोवर जमतं, पण रस्त्यावर गाडी जादा पेट्रोल पिते. तसंच सोडलं तर पातळ मिश्रणाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी इंजिन बंद ठेवून दांडा वर-खाली हलवून बघायचा. ढिला असेल तर नवा घालायचा. तरीही खेळ राहिला तर बॉडीची भोकं रीम करून बुश बसवायचे. मग बाकीचं. पिस्टन आणि डॅशपॉट ही जुळवलेली जोडी. दोन कार्ब्युरेटरच्या जोड्या मिसळायच्या नाहीत, पॉलिश पेपर तर लावायचाच नाही. सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी समपातळीत हवा. या जुन्या, घट्ट बसवलेल्या सुईसाठी जेट मध्यावर आणावा लागतो : पिस्टन उचलून सोडला की स्वच्छ ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. शेवटी डॅम्परमध्ये तेल. ते नसेल तर ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर गाडी आचका देते.

फ्लोटची सुई मात्र हलक्यात घेऊ नका. या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरच्याच बाजूला, खाली असतो. ओघळणारं पेट्रोल तापलेल्या लोखंडावर पडलं तर आग लागते.

सगळं जोडून इंजिन गरम झालं, की दोन्हींची हवा सारखी करून घ्यायची. मग एकेक पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन बसू लागलं तर कमी. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झालं, तर बरोबर.