पाषाणच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये

पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेच्या आवारात जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने उभी राहिलेली एक राष्ट्रीय सुविधा आहे: नॅशनल फॅसिलिटी फॉर जीन फंक्शन इन हेल्थ अँड डिसीज. संशोधकांना हवा तो जनुकीय बदल केलेले उंदीर इथल्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्राणिगृहात, तयार होतात. शरीर घडताना एखादं जनुक काय करतं हे कळायचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे ते काढून काय बिघडतं ते पाहायचं.

पण सगळ्या शरीरातून जनुक काढणं महागात पडतं. सॅट-बी-वन या प्रथिनाचंच घ्या. डॉ. संजीव गलांडे यांनी आधी एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत आणि मग आयसरमध्ये त्यावर अनेक वर्षं काम केलं. या प्रथिनाचं जनुक नसलेल्या उंदरांचा अभ्यास अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झाला. थायमस ग्रंथीत घडणाऱ्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, अर्ध्या वाटेत अडकल्या होत्या आणि पिल्लं तीनेक आठवड्यांतच दगावत होती. मग मोठ्या उंदराच्या थायमसचा अभ्यास करायचा कसा?

यावर तोड निघाली ती क्री-लॉक्सची. जनुकाच्या दोन्ही बाजूंना लॉक्स-पी नावाच्या खुणा घालतात. क्री हे विकर त्या खुणांमधला तुकडा कापून टाकतं. क्री फक्त टी-पेशींतच तयार होईल अशी सोय केली की मेंदूला, यकृताला धक्का लागत नाही. क्रीचा एक प्रकार तर टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच कामाला लागतो. म्हणजे जागेबरोबर वेळही आपल्या हाती येते.

ऐकायला सोपं, करायला चिवट. खुणांचा उंदीर आणि क्रीचा उंदीर यांचा संकर, मग त्यांच्या क्री आलेल्या पिल्लांचा खुणांच्या उंदरांशी पुन्हा संकर. एवढं करून सरासरी चारांत एक पिल्लू कामाचं निघतं, आणि ते हाती यायला चारेक महिने जातात. कोणतं ते डोळ्यांना दिसत नाही. कानाचा कणभर तुकडा घ्यायचा, पीसीआरने त्यातला डीएनए वाढवायचा, जेलवरचे पट्टे वाचायचे. गर्भातल्या ऊती पाहायच्या असतील तर रोज सकाळी माद्यांची तपासणी. समागमाची खूण दिसली त्या दिवसाची दुपार म्हणजे गर्भाचा अर्धा दिवस. ही नोंद चुकली की पुढचं सगळं मोजमाप चुकतं.

प्रत्येक प्रयोगाला प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि ती लागायलाच हवी. जीव घ्यायचा तर प्रश्नही तेवढ्या मोलाचा हवा.

ही सकाळची तपासणी, पिंजऱ्यांची स्वच्छता, वंशावळीच्या वह्या सांभाळतात अ‍ॅनिमल हाउसचे कर्मचारी. ज्या शोधनिबंधाचा पाया त्यांच्या नोंदींवर उभा आहे, त्यात त्यांची नावं ठळकपणे यायला हवीत.