दुखरी कंबर आणि चालते पाय

गेल्या दिवाळीची गोष्ट. चकल्यांचा सोऱ्या हातात घेऊन ओट्याशी उभ्या असलेल्या आमच्या वहिनी एकाएकी कंबर धरून खाली बसल्या. दुखणे नवे नव्हते; वर्षभर त्याने त्यांचा पिच्छा पुरवला होता. “वहिनी, आता अगदी हलू नका!” असे मीच बजावले. वहिनी पडून राहिल्या. दुखणे मात्र उठून बसले! झोप उडाली, चिडचिड वाढली, आणि ‘आपण घराला ओझे झालो’ हा विचार त्यांना छळू लागला.

माझा सल्ला चुकीचा होता. हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवरील एक प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. कंबर नुकतीच धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणावर ठेवले, काहींना कंबरेचे व्यायाम दिले, तर काहींना झेपतील तसे रोजचे व्यवहार करू दिले. ही तिसरी मंडळी सर्वांत चांगली सुधारली. अंथरुणावरची सर्वांच्या मागे राहिली.

तीन महिन्यांहून जुने दुखणे मात्र पुष्कळदा केवळ इजेचे उरत नाही. मज्जासंस्थाच हळवी होते. भीतीने माणूस हालचाल टाळतो, स्नायू दुबळे होतात, झोप मोडते, काळजी वाढते. आणि काळजीने दुखणे अधिकच जाणवते. हे चक्र व्यायामाने सैल होते. मनावरचा ताण हलका होतो, झोप सुधारते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर व्यायामाची शिफारस केली.

ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांचा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सारे कंबरदुखीतून नुकतेच उठलेले. ज्यांना चालण्याचा क्रम आखून दिला, त्यांचे दुखणे परतायला साधारणपणे २०८ दिवस लागले. इतरांचे ११२ दिवसांतच परतले.

अर्थात पायातली शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप येणे वा वजन उतरणे अशी लक्षणे दिसली, तर आधी डॉक्टरांकडेच धावावे.

वहिनींच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, “धोका काही नाही. चाला!” पहिल्या दिवशी त्या गच्चीवर जेमतेम पाच मिनिटे चालल्या. दुखले, पण बिघडले नाही. आठवड्याला थोडी थोडी मिनिटे वाढवीत आज त्या अर्धा तास चालतात. कंबर अजून अधूनमधून कुरकुरते, पण घराचा ताबा आता तिच्याकडे नाही.

यंदा सोऱ्या पुन्हा वहिनींच्या हाती आहे. आणि रोज सकाळी मला ऐकू येते, “भावोजी, सोडा ती खुर्ची! चला फिरायला!”