सत्तरीनंतरचा औषधखर्च : कार्ड कुठे चालते, कुठे नाही

‘आयुष्मान कार्ड काढलंय, मग रक्तदाबाच्या गोळ्यांना पैसे का पडतात?’ पनवेलजवळच्या करंजाडेतल्या कुणाही आजी-आजोबांना पडावा असा हा रास्त प्रश्न आहे.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळते. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. घरात दोघे सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. पण हा विमा रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतली औषधे त्यात बसतात. रोजच्या गोळ्या बसत नाहीत.

या रोजच्या गोळ्यांसाठी दोन वाटा आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. करंजाडेकरांना पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय जवळचे. दुसरी वाट जनऔषधी केंद्राची. तिथे बरीच औषधे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने, निम्म्याहून कमी दरात मिळतात. चिठ्ठीवर कंपनीचेच नाव असेल, तर डॉक्टरांकडून मूळ औषधाचे नाव लिहून घ्या : ‘टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ’, ‘मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ’. पाकिटावरचे नाव आणि मात्रा चिठ्ठीशी ताडून पाहा. परवडत नाही म्हणून गोळी मात्र बंद करू नका.

रक्तदाबाची गोळी नेमाने घेतली तर पक्षाघाताचा धोका कमी होतो. म्हणूनच सार्वजनिक विम्यात रोजच्या औषधांनाही जागा मिळायलाच हवी.