ई-पुस्तकाचा कणा

गेल्या गणेशोत्सवात आम्ही मंडळाची १९९८ सालची स्मरणिका पीडीएफ करून जुन्या सभासदांना फोनवर धाडली. पुण्याहून एका आजींचा निरोप आला, "यांचा लेख त्यात आहे, पण अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर पळते. वाचू कशी?" आजींचे यजमान आता हयात नाहीत. आम्ही खजील झालो.

वाचकहो, पीडीएफ म्हणजे छापील पानाची जणू तसबीर. ती मोठी करता येते, पण ओळी नव्याने जुळत नाहीत. त्यासाठी हवे ईपब. २००७ साली प्रमाण ठरलेल्या या प्रकारात मजकूर पाण्यासारखा वाहतो. अक्षर वाढवा, ओळी आपोआप पडद्यात मावतात.

मग आम्ही सिगिल हे मोफत सॉफ्टवेअर उघडले आणि तिथले शब्द पाहून बिचकलो. वास्तविक छापखाना पाहिलेल्यास त्यांत नवे काही नाही. ईपब हे एक गाठोडे. मॅनिफेस्ट ही त्यातील जिनसांची यादी: प्रकरणे, चित्रे, फॉन्ट, सारे काही. स्पाइन म्हणजे कणा, अर्थात प्रकरणांचा वाचनक्रम. तो आम्ही प्रथम चुकवला, तेव्हा आभारप्रदर्शन आधी आणि अध्यक्षांचे मनोगत नंतर आले! मेटाडेटा म्हणजे पुस्तकाचे नाव, कर्ता, भाषा यांची नोंद. भाषेच्या जागी मराठीची खूण 'एमआर' घालावी. मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या यंत्रास तिचा उपयोग होतो. स्टाइलशीट ठरवते अक्षरांचे रूप आणि समास. शीर्षकास नुसते ठळक न करता 'हेडिंग' म्हणून खूण केली, तर अनुक्रमणिका सॉफ्टवेअरच बांधून देते.

खरी मेख निराळीच निघाली. जुन्या पीडीएफमधला मजकूर उचलून सिगिलमध्ये घातला, तो रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता काला! त्या काळच्या अनेक मराठी फॉन्टांत पडद्यावर 'क' दिसे, पण आत साठवलेली खूण भलतीच असे. फॉन्ट गेला की मजकूरही गेला. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे. म्हणून आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. बदलताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात, तेव्हा मुद्रितशोधनास पर्याय नाही. आम्ही तिघांनी त्यात चार शुक्रवार घालवले.

ते सार्थकी लागले. नव्या प्रतीत आजींनी अक्षर बोराएवढे केले आणि यजमानांचा लेख अथपासून इतिपर्यंत वाचला. वर कळवले, "दुसऱ्या परिच्छेदात एक वेलांटी चुकली आहे." ती आम्ही त्याच दिवशी दुरुस्त केली.

आपल्या कपाटात, जुन्या संगणकात अशा स्मरणिका पडून असतील. त्यांचे फॉन्ट हरवण्याआधी त्या बाहेर काढाव्यात, ही विनंती.