पट्टीने मोजलेली मराठी मोठी दिसेलच असे नाही

गंगापूर : मार्च २०२२ मधील कायदादुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. देवनागरी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशीही अट आहे. मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. गंगापुरातील किराणा दुकान असो वा छत्रपती संभाजीनगरातील दालन, नियम एकच. खरी अडचण पाटी रंगविताना येते.

संगणकावर दोन्ही लिपींना एकच आकडा दिला, तरी मराठी बहुधा बारीक दिसते. वेलांटी व मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. उंचीचा मोठा वाटा त्यांनाच लागतो. रोमन मोठ्या लिपीला हा खर्च नाही. म्हणून तुलना करायची ती शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच्या उंचीची. जाडीचेही तसेच. देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेचा. त्यामुळे जाड-बारीक रेषांची जागाच बदलते. अशा दोन वळणदार ठशांची जोडी पाटीवर हमखास भांडते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेल्या ‘मुक्ता’ व ‘बालू’ या ठशांत देवनागरी आणि रोमन अक्षरांचा मेळ मुळातच साधलेला आहे, आणि ते विनामूल्य मिळतात. फ्लेक्सवाल्याकडे सबब उरत नाही!

दोन ठसे एकत्र आणायचे, तर बोलका एकच असावा. २०२० मध्ये दिवंगत झालेले अक्षरकार कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना दिलेली रूपे आठवावीत. वृत्तपत्रातील जाहिरातीत नाटकाची प्रकृती सांगण्याचे काम ते हाताने रेखाटलेले शीर्षकच करी. कलावंतांची नावे, नाट्यगृह आणि वेळ साध्या छापील ठशात असत. तारीखही नटवली असती, तर प्रेक्षकाने नाटकाचे नाव वाचले असते आणि प्रयोग चुकविला असता.

फलकांवर नेमके हेच विसरले जाते. नाव नक्षीदार, मालकाचे नाव तिरपे, दूरध्वनी क्रमांक सावलीसह, आणि या सर्वांना लाल-पिवळी किनार. नावाला हवे ते वळण द्यावे. पत्ता व क्रमांक मात्र साध्या, सुट्या अक्षरांत ठेवावेत. जोडाक्षरे मोडून हलन्त दिसत नाहीत ना, हेही नमुन्यावरच तपासावे. हा नमुना पडद्यावर पाहून पसंत करू नये. कागदावर छापून भिंतीला लावावा आणि रस्त्याच्या पलीकडून वाचावा.