मुक्या यंत्रास पुन्हां वाचा

चौसाळा हें बीड तालुक्यांतील गांव सोलापूर-धुळे रस्त्यावर वसलेलें आहे. तेथें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची शेतीचीं अवजारें व पाण्याचे पंप दुरुस्त करण्याची लहानशी कार्यशाळा आहे. दिवसाचें काम संपल्यावर हौसेखातर कांहीं नवें घडवावें, या इच्छेनें त्यानें गेल्या वर्षीं भंगारबाजारांतून संगणकाच्या आज्ञेनें चालणारें एक जुनें मिलिंग यंत्र विकत आणलें. वीज जोडतांच आंतला पंखा फिरूं लागला. परंतु पडद्यावर एक अक्षर उमटेना. उत्पादकाकडे चौकशी करतां, तो नमुना बंद झाला असून सुटे भाग मिळत नाहींत, असें उत्तर आलें. इकडे भंगारवाला लोखंडाच्या वजनानें भाव सांगूं लागला. बिचाऱ्याची वर्षाची शिल्लक त्या यंत्रांत गुंतलेली! "गुरुजी, विकून टाकूं का?" असें विचारीत तो मजकडे आला.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. यंत्रविद्येचा अधिकारी नव्हे. तथापि त्याच्याबरोबर चार महिने त्या यंत्राशीं झटतांना जें उमगलें, तें आज आपणांस सांगावें असा हेतु आहे.

मिलिंग यंत्रांत कटर स्वतःभोवतीं फिरतें आणि टेबलावर घट्ट बांधलेला धातूचा तुकडा त्याच्याखालून सरकतो. साध्या यंत्रांत कारागीर हातानें चक्र फिरवून टेबल सरकवितो. संगणकीय यंत्रांत हेंच काम मोटारी करतात व त्यांना आंकड्यांनीं आज्ञा मिळतात. ही कल्पना अमेरिकेंत हेलिकॉप्टरचीं पातीं बनविणाऱ्या जॉन पार्सन्स यांची. पुढें मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेनें १९५२ सालीं असें यंत्र प्रथम चालवून दाखविलें. त्यास आज्ञा मिळत त्या छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवरून.

आतां या यंत्राचे तीन भाग मनांत वेगळे करा. बिडाचा सांगाडा व मळसूत्रें हें शरीर, मोटारी हे स्नायु आणि नियंत्रक पेटी हा मेंदु. शरीरास वेळचे वेळीं तेल मिळालें तर तें पिढीभर टिकतें. मेंदु मात्र अल्पायुषी. कित्येक जुन्या नियंत्रकांत यंत्राचीं मापें लहानशा बॅटरीवर जागणाऱ्या स्मृतींत ठेवलेलीं असतात. बॅटरी संपली कीं स्मृति पुसली जाते. मापांचा कागद जवळ नसेल, आणि दुरुस्तीची किल्ली एकट्या उत्पादकाच्या हातीं असेल, तर क्षुल्लक किमतीच्या बॅटरीपायीं क्विंटलभर लोखंड निकामी ठरतें.

म्हणून आम्हीं शरीर ठेवलें आणि मेंदु बदलला. मोटारी पायरीपायरीनें फिरणाऱ्या, म्हणजे स्टेपर जातीच्या होत्या. अशी मोटार सामान्यतः एका फेऱ्यांत २०० पायऱ्या घेते. मळसूत्राच्या एका फेऱ्यानें टेबल ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एका पायरीस ५ भागिले २००, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. हें त्रैराशिक सातवीचा मुलगा करील; आणि कुलपांत ठेवलेलें पुष्कळसें गुपित एवढेंच होतें!

हे आंकडे समजून घेणारा नवा मेंदु फुकट मिळतो, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. अमेरिकेच्या सरकारी प्रमाणमापन संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत तयार केलेली आज्ञावली सर्वांस खुली झाली. ती आज लिनक्स-सीएनसी या नांवानें जुन्या संगणकावरही चालते. २००९ सालीं निघालेली ग्रब्ल ही आज्ञावली तर तळहाताएवढ्या आर्डुइनो फळीवर चालते. आम्हीं पहिली निवडली. दोन्हींस 'जी-कोड' ही सर्वत्र चालणारी भाषा समजते. 'जी १ एक्स १० एफ १००' म्हणजे, मिनिटास १०० मिलिमीटर या वेगानें सरळ रेषेंत दहाच्या खुणेपर्यंत जा. मोटारींना वीज पुरविणारे नवे ड्रायव्हर मात्र विकत घ्यावे लागले.

येथें सावधगिरीचे दोन शब्द. वीज तोडल्यावरही जुन्या पेटींत लगेच हात घालूं नये; आंतील कपॅसिटरांत विद्युत् सांठून राहते. तसेंच यंत्र थांबविण्याची लाल कळ संगणकाच्या भरंवशावर न ठेवतां, मोटारींचा वीजपुरवठा थेट तोडील अशी जोडावी. संगणक अडला तरी कारागिराचा हात वांचला पाहिजे.

पहिल्या दिवशीं लाकडावर वर्तुळ कोरलें, तें चार ठिकाणीं चपटें आलें. विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. गणित चुकलें नव्हतें. मळसूत्र व त्यावरील नट यांत झिजेमुळें पोकळी झाली होती, म्हणून दिशा बदलतांना मोटार फिरे आणि टेबल क्षणभर स्वस्थ बसे. डायल गेज लावून पाहिलें, तों ०.२ मिलिमीटरचा फरक! नट कसला, उरलेला फरक नियंत्रकास सांगितला, आणि मग वर्तुळ वाटोळें उतरलें. मात्र टेबल ज्या पट्ट्यांवर सरकतें त्या पट्ट्याच पार झिजल्या असतील, तर हा खटाटोप व्यर्थ. तेथें भंगारवाल्याचा भावच खरा.

पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. हातानें काम करीत शिकावें, हें तेथील तत्त्व. २००२ सालीं त्याच मॅसॅच्युसेट्स संस्थेच्या सहकार्यानें तेथें फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अगदीं आरंभींच्या अशा कार्यशाळांत ती गणली जाते. विमानांच्या कामासाठीं जन्मलेली विद्या पन्नास वर्षांनीं आपल्या खेड्यांत आली, ती अशी.

पैसे मोजून आणलेलें यंत्र खरोखर आपलें केव्हां होतें? त्याची भाषा आपणांस कळते तेव्हां. परवां माझ्या विद्यार्थ्यानें त्यावर पितळी पाटी कोरून आणली. अक्षरें सुरेख आहेत. भंगारवाला अजून अधूनमधून डोकावतो, पण भाव विचारीत नाहीं. आपल्या ओळखीच्या कारखान्यांत वा तंत्रशाळेंत असें जुनें यंत्र आज चालत असेल, तर एवढें अवश्य सांगा : त्याचीं मापें बॅटरी संपण्यापूर्वीं कागदावर उतरवून ठेवा.