कडूची गोडी

हेफेवायझन नावाची जर्मन धाटणीची गव्हाची बीअर नाकाशी नेली की आधी पिकल्या केळ्याचा वास येतो आणि पाठोपाठ लवंगेचा. बनवताना तिच्यात केळं घातलेलं नसतं, लवंगही नसते. गहू आणि बार्लीचं माल्ट, हॉप्सची फुलं, यीस्ट आणि पाणी, एवढंच. केळ्याचा तो वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या रसायनाचा. तेच रसायन पिकल्या केळ्यात असतं आणि हेफेवायझनसाठी वापरलं जाणारं यीस्ट माल्टमधली साखर खाता खाता तेच तयार करतं. हे कळल्यावर माणूस ग्लास पुन्हा एकदा हुंगतो. पुण्या-मुंबईतल्या बहुतेकांची क्राफ्ट बीअरशी खरी ओळख या दुसऱ्या हुंगण्यात होते. पहिला घोट तर त्यांनी तहान भागवायला घेतलेला असतो.

या ओळखीला महाराष्ट्रात उशीर झाला, आणि त्याला कारणं होती. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागू केला, तोही आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जाणारा. एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन परवाना ही पद्धत अजून कागदावर आहे, आणि ‘परमिट रूम’ ही पाटी तिथूनच आली. अंधाऱ्या खोलीत, ओळखीचं कुणी पाहायच्या आत उरकायची गोष्ट असेल तर चवीबद्दल कोण बोलणार? परमिट रूममध्ये वेटरचा प्रश्न एकच असायचा, ‘स्ट्राँग की माइल्ड?’ पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली माइल्ड आणि त्यापुढे आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. १९९९ मध्ये किंगफिशर स्ट्राँग बाजारात आली आणि आज देशात विकल्या जाणाऱ्या बीअरमध्ये स्ट्राँगचाच वाटा कितीतरी मोठा आहे. बीअर शॉपीच्या फ्रीजमधली बाटली कुठलीही असो, तिची पहिली परीक्षा ‘चिल्ड आहे का?’ हीच. त्यात पिणाऱ्याचा दोष नाही. बर्फगार द्रवात जिभेला फारसं काही कळत नाही आणि वासाचे रेणूही ग्लासातून वर येत नाहीत. चवीला फार नसलेली बीअर गार पिणंच शहाणपणाचं असतं.

२००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरला सोबत घेऊन पुण्याच्या कोरिन्थियन्स क्लबात ‘डूलाली’ हा ब्रूपब, म्हणजे स्वतःची बीअर जागेवरच बनवणारा पब, सुरू केला. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर, काचेपलीकडच्या टाक्यांमध्ये बीअर बनताना दिसणं ही तेव्हा नवलाई होती. पुढच्या काही वर्षांत मुंढव्यात इंडिपेन्डन्स ब्रूइंग कंपनी आली, कोरेगाव पार्कात एफिंगट आलं, बंगळुरात २०१० पासून गाजत असलेलं टॉइट पुण्यातही पोचलं. मुंबईत लोअर परळच्या ‘बार्किंग डिअर’ने शहरातला पहिला ब्रूपब असा मान मिळवला. पुण्याला या बाबतीत मुंबईच्या आधी सुरुवात करता आली, याचा पुणेकरांना अभिमान असेल तर तो रास्त आहे.

पण ब्रूपबचं महत्त्व नव्या जागेपुरतं नाही. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यातून निघणारी बाटली महिनोनमहिने टिकावी लागते, ट्रकमधून उन्हातान्हात फिरावी लागते आणि कुठेही उघडली तरी तंतोतंत तशीच लागावी लागते. त्यासाठी ती गाळतात, पाश्चराइझ करतात. ब्रूपबमधली बीअर टाकीपासून टेबलापर्यंत काही मीटरच चालते. ती सहसा पाश्चराइझ केलेली नसते, तिच्यात यीस्ट जिवंत असू शकतं, म्हणून तिचं आयुष्य थोडं आणि वास ताजा. आणि ती बनवणारा माणूस त्याच छपराखाली असतो. चव कळायला लागण्यासाठी यासारखी सोय दुसरी नाही, कारण जिभेला जाणवलेली गोष्ट लगेच विचारून पडताळता येते.

विचारायला सुरुवात करावी ती माल्टपासून. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, मोड लांबायच्या आत ते वाळवायचे. मराठी घरात बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आजीने हेच केलेलं असतं. मोड येताना दाण्यात एन्झाइम जागी होतात. पुढे भरडलेलं माल्ट ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवलं की ती एन्झाइम पिठाची साखर करतात. हा गोड काढा म्हणजे वर्ट. माल्ट वाळवताना किती भाजलं यावर बीअरचा रंग आणि निम्मी चव ठरते. हलकं वाळवलं तर बिस्किटासारखा, पावासारखा वास. जास्त भाजलं तर कॅरमल. काळं होईपर्यंत भाजलं तर थेट कॉफी आणि कडू चॉकलेट. स्टाउट पिणारे ‘यात कॉफी घातली आहे का?’ असं हमखास विचारतात. काही स्टाउटमध्ये घालतातही, पण अनेकदा ती चव भाजलेल्या बार्लीचीच असते. काळी बीअर म्हणजे जड आणि चढणारी, हा समजही इथेच सोडावा. गिनेस ड्राफ्ट ही जगप्रसिद्ध काळी बीअर ४.२ टक्क्यांच्या आसपासची आहे, म्हणजे आपल्या माइल्डहूनही सौम्य.

नवख्याची खरी अडचण हॉप्सपाशी होते. हॉप्स ही वेलीवर येणारी हिरवी, शंकूसारखी फुलं. ती उकळत्या वर्टमध्ये तासभर शिजली की त्यातली आम्लं रूप बदलतात आणि कडू होतात. अगदी शेवटी, किंवा वर्ट थंड झाल्यावर घातली तर कडवटपणा कमी आणि सुगंध जास्त मिळतो. कॅस्केड जातीच्या हॉप्सना पपनसाचा वास येतो, सिट्राला आंबा आणि लिचीचा. एकच फूल कधी घातलं यावरून बीअरचा स्वभाव बदलतो, आणि या वेळेच्या हिशेबातच ब्रूमास्टरची खरी करामत असते.

भारताचं नाव ज्या बीअरला चिकटलं ती इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, याच हॉप्समुळे ओळखली जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रूअरीतून फिकट रंगाची बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येई. आफ्रिकेला वळसा घालून येणारा तो प्रवास कित्येक महिन्यांचा असे. हॉप्समधली कडू द्रव्यं बीअर नासवणाऱ्या अनेक जीवाणूंना रोखतात, म्हणून भरपूर हॉप्स घातलेली बीअर हा प्रवास सोसत असे. ही बीअर खास भारतासाठीच शोधली गेली, अशी कथा ब्रूपबमध्ये नेहमी ऐकू येते. अभ्यासकांना ती मान्य नाही. फिकट आणि हॉप्सनी भरलेली बीअर इंग्लंडात आधीपासून होती, भारताच्या बाजारात ती जम बसवून गेली इतकंच. १८२०च्या दशकात बर्टन गावच्या ब्रूअर्सनी हॉजसनचा हा धंदा बराचसा आपल्याकडे खेचला.

कडू चव नकोशी वाटणं हे जन्मजात आहे. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) असतात, कारण निसर्गातली अनेक विषं कडू असतात. तान्ह्या बाळालाही कडू थेंब चाटवला की ते तोंड वाकडं करतं. पण कडू आवडणं शिकता येतं, आणि हे मराठी माणसाला पटवून द्यायला नको. लहानपणी ताटात सरकवून ठेवलेली कारल्याची भाजी चाळिशीत माणूस मागून घेतो. कारलं बदललेलं नसतं. पदार्थ पुन्हापुन्हा समोर आला, त्याने काही अपाय झाला नाही आणि सोबत काही सुखद मिळालं, की मेंदू आपला निर्णय फिरवतो. १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने निव्वळ पुन्हापुन्हा सामोरं गेल्याने आवड वाढते, हे प्रयोगांनी दाखवलं होतं. आयपीएचा पहिला घोट न आवडणं म्हणूनच अगदी स्वाभाविक आहे. त्यावरून ‘आपल्याला क्राफ्ट बीअर झेपत नाही’ असा निकाल देण्याची घाई करू नये.

क्रम मात्र पाळावा. बहुतेक ब्रूपबमध्ये लहान ग्लासांचा सॅम्पलर मिळतो. त्यात सौम्य बीअरपासून उग्र बीअरकडे जावं. आधी गव्हाची, मग संत्र्याची साल आणि धणे घातलेली बेल्जियन विटबीअर. ही शैली बेल्जियमच्या हूगार्डन गावात जवळजवळ नामशेष झाली होती. पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६०च्या दशकात ती पुन्हा उभी केली. धण्याच्या ओळखीमुळे मराठी जिभेला ती लवकर आपलीशी वाटते. मग पेल एल, मग आयपीए, शेवटी स्टाउट. आधी आयपीए घेतली तर तिचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो आणि मागून येणारी गव्हाची बीअर पाण्यासारखी लागते. ग्लास हातात दोन मिनिटं धरून त्याचा गारठा थोडा उतरू द्यावा. एल प्रकारच्या बीअरचा सुगंध आठ-दहा अंशांना खुलतो, दोन-तीन अंशांना नाही. फेस काढून टाकायला सांगू नये, सुगंध तोच वर आणतो. आणि मसाला पापड किंवा तिखट चखना जरा उशिरा मागवावा. हॉप्सचा कडवटपणा आणि मिरचीचा जाळ एकमेकांना चढवतात आणि नाजूक चवी त्यात हरवतात.

आवडू लागलं की त्यापाठोपाठ खोट कळू लागते. माझ्या मते रुची तयार झाल्याची खरी खूण हीच. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअसेटिलचा. यीस्ट ते आधी तयार करतं आणि पुरेसे दिवस दिले तर स्वतःच शोषून घेतं, म्हणजे बहुतेक वेळा टाकी घाईने रिकामी केली गेली आहे. उकडलेल्या मक्याचा वास असेल तर वर्ट नीट उकळलेलं नाही किंवा जीवाणू शिरले आहेत. हिरव्या सफरचंदाचा वास अपुऱ्या आंबवणीचा. हिरव्या बाटलीतल्या बीअरला कधीकधी येणारा कुबट दर्प प्रकाशाने बिघडलेल्या हॉप्सचा असतो, म्हणून तपकिरी बाटली चांगली. १९७०च्या दशकात मॉर्टेन मायलगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने अशा शंभराहून अधिक वासाचवींचं एक चक्र तयार झालं. जगभरचे बीअर चाखणारे आजही त्याचा आधार घेतात. ब्रूपबमध्ये मक्याचा वास ओळखून ग्लास नम्रपणे परत करणारा ग्राहक त्या जागेचं भलंच करतो. जिथे कुणी परत करत नाही, तिथे बिघडलेला घाणाही खपून जातो.

हा ग्राहक परदेशातही असाच हळूहळू घडला. ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये कॅमरा ही ग्राहकांची संघटना पिंपातल्या जिवंत बीअरसाठी उभी राहिली. १९७७ मध्ये मायकल जॅक्सन या इंग्लिश पत्रकाराने, गायकाचा तो फक्त नामबंधू, जगातल्या बीअरच्या शैलींची पहिली मोठी मांडणी पुस्तकातून केली. अमेरिकेत १९७८ मध्ये घरी बीअर बनवण्याला केंद्रीय कायद्याची परवानगी मिळाली आणि घरच्या भांड्यांवर हात बसवलेले लोक पुढे ब्रूअर झाले. १९८० मध्ये सिएरा नेवाडाने कॅस्केड हॉप्सची पेल एल काढली, तिथून पपनसाचा तो वास जगभर गेला. आपल्याकडे गोव्यात सांगोल्ड्याच्या गोवा ब्रूइंग कंपनीची ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए कॅनमधून मिळू लागल्यावर ब्रूपब नसलेल्या गावातही हॉप्स पोचले.

महाराष्ट्रात बीअरसाठी वयाची अट २१ आहे. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. चवीसाठी पिणाऱ्याने हे जाणून, थोडं प्यावं आणि गाडी घरी ठेवून जावं.

आपल्या क्राफ्ट बीअरमध्ये इथलं काय आहे, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. माल्ट अनेकदा जर्मनीहून येतं, हॉप्स अमेरिकेहून किंवा युरोपातून. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉप्स पिकतात, पण थोडे. हंगामात हापूस किंवा कोकम घातलेली बीअर आपल्याकडच्या ब्रूपबमध्ये येते. त्यातली कोकमाची जास्त आशादायक, कारण आंबट बीअरच्या शैलीत त्याचा आंबटपणा आणि रंग दोन्ही शोभतात. हापूसची बीअर मात्र बरेचदा गोडव्याखाली खालची बीअर झाकून टाकते.

धान्याच्या बाबतीत ज्वारीचा विचार अधिक गांभीर्याने व्हायला हवा. महाराष्ट्र देशातला आघाडीचा ज्वारी उत्पादक आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आफ्रिकेत शतकानुशतकं ज्वारीची बीअर बनते. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रूअरी ज्वारी-मक्याकडे वळल्या आणि चालल्याही. अडचणी खऱ्या आहेत. मळणीनंतर ज्वारीच्या दाण्याला बार्लीसारखं फोलपट राहत नाही, त्यामुळे वर्ट गाळताना चोथा घट्ट बसून निचरा अडतो. तिचं पीठ फुलायला बार्लीपेक्षा जास्त तापमान लागतं आणि तेवढ्या उष्णतेत साखर करणारी एन्झाइम मरतात. तेव्हा ज्वारी वेगळी शिजवून, थोडी निववून मग बार्लीच्या माल्टमध्ये मिसळावी लागते. लहान टाकी आणि धीर असलेल्या ब्रूमास्टरला हे जमण्यासारखं आहे. पहिले काही घाणे फसतील. पण मंगळवेढ्याच्या ज्वारीची साधी, हलकी, पाच टक्क्यांखालची एल पुण्याच्या एखाद्या टॅपवर बारा महिने दिसावी, इतकी मागणी ग्राहकाने जरूर करावी.